सूर देणारी

सपनाच्या गळ्यात पेटी आहे असं कुंभवलीत सगळे म्हणायचे, आणि सपनाला ते ऐकायला आवडायचं. का आवडू नये? दिवसभर औषधांच्या कारखान्यात उभं राहून खोक्यांना चिकटपट्टी लावायची, सुपरवायझरची ‘ए तांडेल’ अशी हाक ऐकायची, घरी यावं तर सासू टीव्हीवरून नजर काढायची नाही. अशा बाईकडे आठवड्यातून दोनदा सहा माणसं श्वास रोखून बघतात आणि ती तोंड उघडेपर्यंत कुणी हूं की चूं करत नाही. एवढं सुख कुणाला नको असतं?

ही सहा माणसं आणि सातवी सपना असा तो गाण्याचा गट होता. नाव ‘जनरल शिफ्ट’. त्यात पेटी नाही, तबला नाही, टाळसुद्धा नाही. सगळा कारभार नुसत्या गळ्यांवर. हे काही कुणी मोठा विचार करून ठरवलेलं नव्हतं. बॉयलरवर काम करणाऱ्या एकनाथदादांचं आधी भजनी मंडळ होतं. त्यात कोजागिरीच्या दुधावरून भांडण लागलं, मंडळ फुटलं, आणि फुटताना समोरच्या पार्टीनं पेटी, पखवाज, झांजा सगळं उचलून नेलं. दादांच्या वाट्याला माणसं तेवढी आली. ‘नेऊ दे. आपन तोंडानं वाजवू,’ असं दादा रागाच्या भरात बोलून गेले, आणि ते खरंच जमून गेलं. सुजीत नावाचा फिटर तोंडानं ढोल वाजवायचा, इतका हुबेहूब की गल्लीतली कुत्री भुंकायची. दादांचा स्वतःचा आवाज खर्जाचा, विहिरीतून आल्यासारखा. बाकीचे मधलं सांभाळायचे.

आता वाद्य नाही म्हटल्यावर गाणं कुठल्या सुरात सुरू करायचं हे कुणीतरी सांगायला हवं. एकानं पहिला सूर द्यायचा, बाकीच्यांनी तो धरून आपापल्या जागी जायचं. दादांनी सगळ्यांना करून बघायला लावलं. कुणी आज वर लावायचा, परवा खाली. सपना मात्र डोळे मिटून ‘आऽ’ करायची आणि दर वेळी तोच सूर निघायचा. दादांनी शेजाऱ्याची पेटी मागून आणली आणि पट्ट्या दाबून ताडून बघितलं. काळी एक. पुढच्या रविवारी पुन्हा काळी एक. असं पाचदा झाल्यावर दादांनी पेटी परत नेऊन दिली आणि शेजाऱ्याला सांगितलं की आता हिची गरज नाही, आमच्याकडे तांडेलांची सून आहे.

मध्ये एकदा दादांनी मोबाईलवर तंबोरा उतरवून घेतला होता. नुसता ‘आधारापुरता’, असं ते म्हणाले. सपनाच्या नाकाला मिरची झोंबली. ‘मंग मला कशाला उबी करता? मोबाईललाच साडी नेसवा,’ असं म्हणून ती चपला घालून निघालीसुद्धा. दादांनी मोबाईल खिशात ठेवला तो ठेवलाच. त्यानंतर दोन वर्षं तंबोऱ्याचा विषय निघाला नाही.

आता खरं सांगायचं तर या दोन वर्षांत ‘जनरल शिफ्ट’ कुंभवलीच्या बाहेर कुठं गायलीच नव्हती. गणपतीचा मांडव, देवळाचं आवार, फार तर कामगार वसाहतीतला हॉल. सगळं हाकेच्या अंतरात. त्यामुळे पालघरच्या कलाघरातून बोलावणं आलं तेव्हा सगळ्यांच्या अंगात वारं शिरलं. नुसत्या गळ्यानं गाणाऱ्या पाच गटांचा कार्यक्रम होता. कॉलेजातली पोरं होती, वसईचा एक गट होता. दादांनी स्वतः केलेली दोन गाणी बसवली. पहिलं कारखाना सुटून घरी येणाऱ्या बाईचं : ‘जनरल पाळी सुटली गं, दिवा लागला दारात.’ यातलं ‘दारात’ अगदी वर न्यायचं आणि तिथं धरून ठेवायचं. ते काम रिद्धीचं.

रिद्धी सफाळ्याकडची, वीस वर्षांची, बोईसरला एका दुकानात बिलं टाइप करायची. गटात येऊन तिला सहाच महिने झाले होते. बोलायला लागली तर समोरच्यालाही ऐकू जाणार नाही, पण ‘दारात’ म्हणायला लागली की सुजीत ढोल वाजवायचा विसरायचा. कार्यक्रमाला तिचे आईबाप, आत्या, शेजारपाजारचे चौघं असे सगळे येणार होते. बापानं म्हणे त्यासाठी नवा सदरा शिवला होता.

पालघरात माहीम रोडला एका बंद पडलेल्या भातगिरणीचं कलाघर केलेलं होतं. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोणपाट ठोकलं होतं, खाली जाड सतरंजी, दारं लावली की रस्त्यावरचा ट्रकसुद्धा आत यायचा नाही. शनिवारी दुपारी तीनला ही मंडळी सुजीतच्या भावाच्या इको गाडीतून उतरली आणि आत शिरली, तेव्हा सगळे आपोआप कुजबुजायला लागले.

“कानात कापूस घातल्यासारका वाटते,” सुजीत म्हणाला.

“शांतता हाय ही. तुला ठाऊक नाय,” दादा म्हणाले.

कलाघर चालवणारी हेतल हातात कागद घेऊन आली. प्रत्येक गटाला रंगमंचावर पंधरा मिनिटं उभं राहून बघायला मिळणार होतं. सहाला कार्यक्रम. साडेपाचला सगळ्यांनी आपापले मोबाईल दाराजवळच्या टोपलीत टाकायचे, कारण गेल्या खेपेला ऐन गाण्यात एकाचा वाजला होता. दादांनी मान डोलावली. मोबाईलची त्यांना काय गरज?

सातजण अर्धगोलात उभे राहिले, मध्ये सपना. दादांनी तिच्याकडे बघितलं. सपनानं डोळे मिटले.

नेहमी डोळे मिटले की सूर तिथं असायचाच. दाराच्या खुंटीला पिशवी असावी तसा. हात घालायचा आणि काढायचा. आज तिनं हात घातला आणि खुंटीच सापडेना. क्षणभर तिला कळेचना की आपण काय शोधतोय. सगळे वाट बघत होते, म्हणून तिनं ‘आऽ’ केलं. निघाला तो सूर सगळ्यांनी धरला आणि गाणं सुरू झालं. ‘दारात’ला रिद्धी वर गेली, आणि तिचा आवाज मध्येच फाटला.

“पानी पी,” दादा म्हणाले. “परत.”

सपनानं परत सूर दिला. रिद्धी परत वर गेली. या वेळी आवाज फाटलाही नाही, नुसताच गेला. ती तोंड उघडं ठेवून उभी राहिली.

तिसऱ्या वेळी सपनाला वाटलं आपण जरा खालून लावू. लावला. तर दादांचा खर्ज जमिनीत गाडला गेला, नुसती हवा यायला लागली. दादांनी छातीवर हात चोळला आणि दुपारी वालाची उसळ जास्त खाल्ली असं म्हणाले. तेवढ्यात हेतलनं वेळ संपल्याची खूण केली.

सपना रंगमंचावरून उतरली. तिनं तीन वेळा तीन वेगळे सूर दिले होते. हे तिला माहीत होतं. गंमत अशी की दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं. दोन वर्षांत तिचा सूर कधी चुकलाच नव्हता, तेव्हा आज चुकला असेल हे कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. चुकणार ती रिद्धी. सहा महिन्यांची पोर, पहिल्यांदाच मोठा रंगमंच. सरळ हिशेब होता.

ती व्हरांड्यात आली. बसवेना. साडीची पिन काढली, परत लावली. पाणी प्यायला म्हणून कोपऱ्यातल्या कूलरपाशी गेली. जुनाट कूलर होता तो, घूं घूं करत होता. सपनानं पेला नळाखाली धरला आणि नेहमीसारखी स्वतःशी गुणगुणली, ‘जनरल पाळी...’ आणि तिच्या लक्षात आलं की सूर कसा छान लागला, घट्ट बसला. तिला हायसं वाटलं. तेवढ्यात कूलर खाडकन बंद पडला. गार झालं असेल पाणी, म्हणून. आणि तिचा सूर पाय घसरल्यासारखा सरकला.

ती पेला हातात धरून तशीच उभी राहिली. दोन मिनिटांनी कूलर पुन्हा सुरू झाला. ती गुणगुणली. गळा आपोआप कूलरच्या घूं घूंवर जाऊन बसला. कूलर थांबला. सूर सरकला.

आता तिला कळलं. कुंभवलीत ज्या खोलीत ते गायचे तिच्या मागच्या भिंतीला लागून एका कारखान्याचं कुंपण होतं, आणि कुंपणापलीकडे मोठा ब्लोअर. हवा फेकणारं धूड. दिवसरात्र, सणवार न बघता चालणारं. कुंभवलीत राहणाऱ्याला तो आवाज ऐकू येत नाही. पाहुणा आला तर विचारतो, हे काय वाजतंय? तेव्हा घरचे म्हणतात, कुठं काय? सपना लग्न होऊन चिंचणीहून आली तेव्हा पहिले आठ दिवस तिला झोप लागली नव्हती, मग तीही विसरली. विसरली ती फक्त डोक्यानं. कान रोज ऐकत होता आणि गळा त्याच्यावरच सूर लावत होता. दादांनी पेटी आणून पाच वेळा परीक्षा घेतली, ती कुठं? त्याच खोलीत. पाचही वेळा पास झाला तो ब्लोअर, आणि मिरवली सपना.

तिला आधी हसू आलं. मग सहाचा कार्यक्रम आठवला.

अंकुशला फोन करावा असं तिच्या डोक्यात आलं. अंकुश तिचा नवरा, त्याच ब्लोअरवाल्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला. दोघांचं लग्न जमलं तेही बोईसरच्या एका कारखान्यात, त्यामुळे ती त्याला नावानंच हाक मारायची.

“अंकुश, त्या बुलोअरपाशी जा आनि फोन त्याच्याजवळ धर.”

“कशाला?”

“धर ना. मंग सांगते.”

चालण्याचा आवाज आला. दार उघडल्याचा. मग काहीच नाही.

“आइकाला येते काय?” अंकुश ओरडून म्हणाला.

“नाय. जवळ धर.”

“एकदम जवळ हाय. माजे कान फाटतान. आता?”

फोनमधून अंकुशचा आवाज स्वच्छ येत होता. त्याच्या मागं चिमणीही ओरडत नव्हती. आजकालचे फोन शहाणे. एकसारखी घरघर आली की ती गाळून टाकतात आणि माणसाचं बोलणं तेवढं पुढं पाठवतात. एवढ्या शहाणपणाची सपनाला या घडीला काडीची गरज नव्हती.

“मी तोंडानं काडून दाकवू?” अंकुशनं विचारलं, आणि तिनं नको म्हणायच्या आत त्यानं घूंऽऽ केलं. अंकुश आरतीतसुद्धा टाळ्या वाजवायच्या कामावर ठेवण्यासारखा माणूस. त्याचं घूं ऐकून सपनानं फोन कानापासून लांब धरला.

“झाला काय पन? रडतेस काय?”

“नाय. ठेव,” ती म्हणाली.

आता सरळ मार्ग एकच होता. दादांकडे जायचं, सांगायचं, मोबाईलवरचा तंबोरा उघडायला लावायचा, काळी एक लावून घ्यायची, ती डोक्यात धरून ठेवायची. साडेपाच वाजायला अजून पावणेदोन तास होते. पण मग? मग उद्या रविवारी खोलीत तंबोरा येणार. सहा माणसं मोबाईलकडे बघणार. तांडेलांची सून नुसती सातवी होणार. आणि मोबाईलला साडी नेसवा म्हणून आपणच तोंड सोडलेलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिनं स्वतःला सांगितलं. कदाचित संध्याकाळी लागेलही नीट. मघाशी घाबरले होते म्हणून गेला असेल.

ती आत वळली तेव्हा दादा रिद्धीशी बोलत होते. दादांचा आवाज मऊ होता, आणि मऊ आवाजात ते जे सांगत होते ते ऐकून सपना जागीच थांबली.

“पोरी, वाईट वाटून घेऊ नको. गळ्याचा कायी सांगता येत नाय. आज ‘दारात’ आलं का तू नुसतं व्हट हलव. सपना खालच्या पट्टीत घेल. लोकांना कळाचा पन नाय.”

रिद्धी हो म्हणाली. एवढंच म्हणाली.

सपनाला पुढं जाऊन बोलता आलं असतं. चार पावलं होती. तिनं ती टाकली नाहीत, उलट कुठून तरी आवाज आल्यासारखं करून ती मागं फिरली आणि बाहेर जाऊन कलाघराच्या भोवती एक चक्कर मारली. मग आणखी एक. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं तिला फाटकातल्या राखणदाराचंही बघणं नको झालं होतं. मधल्या काळात लोक यायला लागले. नवा पिवळा सदरा घातलेला एक उंच माणूस फाटकातून आत आला, त्याच्यामागं डोक्यावर पदर घेतलेल्या तीन बायका. माणसानं राखणदाराला विचारलं, “आमची रिद्दी गाते ती जागा हीच ना?” सपनानं मान वळवली.

बायकांच्या खोलीत रिद्धी एकटीच बसली होती. रडत नव्हती. केसातला गजरा काढून तिनं मांडीवर ठेवला होता.

“ताई, एक इचारू?”

“इचार.”

“तुमचा सूर कदी चुकत नाय. मंग गेला तो माजाच गळा ना?”

सपनानं तोंड उघडलं. या वेळी तर पावलंही टाकायची नव्हती.

“होते असा कदी कदी,” ती म्हणाली. “गजरा घाल. वेळ झाली.”

आणि ती गजरा माळायला तिच्यामागं उभी राहिली. पिन दोनदा हातातून निसटली. पोरीला वाटलं ताई आपल्यासाठी हळव्या झाल्या. तिनं मागं हात नेऊन सपनाची बोटं दाबली. सपनाला स्वतःची इतकी किळस आयुष्यात कधी आली नव्हती.

साडेपाचला मोबाईल टोपलीत गेले. दादांचाही गेला, तंबोऱ्यासकट.

कार्यक्रम सुरू झाला. ‘जनरल शिफ्ट’ तिसरी. पहिल्या गटातली कॉलेजची पोरं काय गायली, दुसऱ्या वसईच्या गटानं काय केलं, सपनाला एक अक्षर आठवत नाही. ती रंगमंचाच्या बाजूच्या पडद्यामागं उभी होती आणि तोंडातल्या तोंडात ‘आऽ’ करून बघत होती. एकदा इथं लागायचा, एकदा तिथं. वसईकरांचा सूर कानात शिरून आणखी घोळ करत होता. सुजीत ओठांना तूप चोळत होता. दादा डोळे मिटून देवाचं नाव घेत होते.

मग तिला रिद्धी दिसली. ती मागच्या भिंतीकडे तोंड करून उभी होती. सपनाला वाटलं, आता रडते. म्हणून ती जवळ गेली. रिद्धी रडत नव्हती. ती ओठ हलवत होती. ‘दिवा लागला दारात.’ आवाज नाही. ओठ तेवढे. ‘दारात’ला मान थोडी वर, डोळे थोडे मोठे, जसं गाताना होतं तसं. मग परत पहिल्यापासून. न गाता गाण्याची ती तालीम करत होती, बापाला कळू नये म्हणून.

सपना तशीच मागं वळली. तिनं दादांचा दंड धरला.

“दादा, माज्याकडं सूर नाय.”

दादांनी डोळे उघडले. “काय?”

“नाय सूर. कदीच नव्हता. तो त्या बुलोअरचा सूर. आपल्या खोलीमागच्या. मी त्याचाच घ्यायची, मलाच ठाऊक नव्हता. इथं तो नाय तर मला लागत नाय. मगाशी तिनी वेळा मी चुकले. हिचा गळा ठीक हाय.”

बाहेर वसईकरांचं शेवटचं गाणं चालू होतं. दादा तिच्याकडे बघत राहिले. ब्लोअर म्हणजे काय, कुठला, हे त्यांच्या डोक्यात एक एक करून उतरत होतं, आणि ते उतरताना दिसत होतं.

“कदी कळला तुला?”

“मगाशी.”

“मगाशी म्हंजे?”

“साडेतीनला.”

“आता सात वाजाला आलेत,” दादा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, आणि तेच जास्त लागलं. “मोबाईल टाकाच्या आदी सांगितला असतास तर दोन मिन्टाचा काम होता. आनि तू मला या पोरीचा तोंड बंद कराला लावलास.”

 बाकीचे चौघं आळीपाळीनं या दोघांकडे बघत होते. सुजीतच्या हातातली तुपाची डबी उघडीच होती.

रिद्धी भिंतीपासून वळली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं सपनाला ना दोष दिला, ना ती रागावली. निदान तेव्हा तरी नाही. तिनं एकच विचारलं.

“म्हंजे माजा गळा गेला नाय?”

“नाय गेला. पयल्यापासून ठीक हाय. मी तुला सांगाला पायजे होता, मी नाय सांगितला.”

रिद्धीनं मान खाली घातली. 

“आता सूर कोन देल?” सुजीतनं विचारलं. बरोबर विचारलं. बाहेर टाळ्या सुरू झाल्या होत्या. वसईकर वाकून नमस्कार करत होते.

सपना रिद्धीच्या समोर गेली. दुपारपासून डोक्यात घूं घूं चाललेलं होतं ते आता थांबलं होतं. गमावण्यासारखं काही उरलं नाही की माणसाचं डोकं चालतं.

“तुजा ‘दारात’ म्हन. हळू. मला नाय, दादांना नाय, कोनाला बगू नको. तुला जिथं सुकानं बसते तिथं बसव.”

रिद्धीनं डोळे मिटले आणि अगदी बारीक आवाजात म्हटलं. दुसऱ्यांदा जरा खालून. तिसऱ्यांदा तिचे खांदे सैल पडले.

“हां. आता त्याला धरून उतर. जिने उतरतात तशी. ‘जनरल पाळी’ला येऊन थांब.”

ती उतरली आणि थांबली. दादांनी त्या सुरावरून आपला खर्ज चाचपून बघितला. विहिरीत पाणी होतं. त्यांनी मान डोलावली.

“सोडू नको याला,” ते रिद्धीला म्हणाले. मग जरा थांबून, सपनाकडे न बघता, “तू मदी उबी ऱ्हा. सपना, तू कडेला जा.”

सपना कडेला गेली. सुजीतच्या पलीकडे, जिथं दिव्याचा उजेड अर्धाच पोचत होता.

हेतलनं नाव पुकारलं. सातजण अर्धगोलात उभे राहिले. समोर दोनएकशे माणसं असतील, पण सपनाला तिसऱ्या रांगेतला पिवळा सदरा तेवढा दिसत होता. सगळ्यांनी मध्ये बघितलं. रिद्धीनं मात्र कडेला बघितलं, सपनाकडे. सहा महिने गाण्याआधी तिकडेच बघायची सवय होती पोरीला. सपनानं मान हलवली. देण्यासारखं तिच्याकडे तेवढंच होतं.

आणि मग ती वाट बघायला लागली. दोन वर्षांत ही वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. सूर देणाऱ्याला सुराची वाट बघावी लागत नाही. तो येईल ना, बरोबर येईल ना, आपल्याला धरता येईल ना, हे सगळं इतर सहाजण दर बुधवारी आणि रविवारी सोसत होते आणि तरी कसे विश्वासानं तिच्या तोंडाकडे बघत होते. तिला त्या प्रत्येकाची लाज वाटली. गोणपाटाच्या भिंतींमध्ये कसलाही आवाज नव्हता. रिद्धीची छाती भरली.

सूर आला. सपनानं दिला असता त्याच्याहून तो किंचित खाली होता. तिचा गळा आपला हट्ट धरून वर ओढायला लागला, जुनी सवय. तिनं त्याला दटावून खाली आणलं आणि पोरीच्या सुराला लागली. सुजीतचा ढोल सुरू झाला, दादा खाली उतरले. ‘दिवा लागला’ म्हणताना सपनानं श्वास धरला, आणि रिद्धी वर गेली. वर जाऊन थांबली. थरथरली नाही, फाटली नाही, तिसऱ्या रांगेपर्यंत, त्याच्याही मागं भिंतीपर्यंत गेली आणि तिथंच राहिली. पिवळ्या सदऱ्याचा माणूस खुर्चीत पुढं सरकला.

सपनाला आनंद झाला. आणि त्याच वेळी असं दुखलं की डोळ्यात पाणी आलं. दोन्ही खरं होतं, आणि गाणं चालू असल्यामुळे तिला त्यातलं एकही निवडता आलं नाही.

टाळ्या पडल्या. दर गाणं संपल्यावर दादा सूर देणाऱ्याकडे बघून एकदा मान तुकवायचे. ते मध्ये वळले आणि त्यांनी रिद्धीसमोर मान तुकवली. कडेकडे ते वळले नाहीत. सपनानं घाम पुसला, अंगाचा भार या पायावरून त्या पायावर घेतला, आणि दुसऱ्या गाण्याचा सूर यायची वाट बघत उभी राहिली.